खिळे जुळवणारे हात

(वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘नवे तंत्रज्ञान आणि कामगार’ हा विषय मंडळाने आम्हांला दिला तेव्हा पहिल्यांदा आम्ही नाहीच म्हणालो होतो. हा विषय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा. आम्ही छपाईतली पदविका घेतलेले, राज्य सरकारच्या छापखान्यात नोकरी करणारे लोक. पण सचिव म्हणाले, तुम्हांला जे ठाऊक आहे तेवढेच सांगा. म्हणून आज कारखानदारी, जग वगैरे बाजूला ठेवून आम्ही एकाच धंद्याबद्दल बोलणार आहोत. आमच्याच.

इंदुरात नोकरी गेलेला कामगार म्हटले की मिलवालाच डोळ्यांपुढे येतो, आणि ते बरोबरच आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या पाहायला आपण सगळे लेकरेबाळे घेऊन रस्त्याकडेला बसतो. त्या झांक्या मिलच्या नावाने निघतात, आणि त्या मिलांचे भोंगे बंद होऊन दशके लोटली. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी रुपये २०२३ च्या डिसेंबरात मार्गी लागले. मध्ये बत्तीस वर्षे गेली. कित्येक घरांत पैसे घ्यायला बायको किंवा मुलगा गेला, कारण ज्याने साच्यावर काम केले तो उरला नव्हता.

मिल बंद पडायची कारणे पुष्कळ होती. यंत्रे जुनी झाली होती, पॉवरलूमचे कापड स्वस्त पडत होते, मालकांचे लक्ष उडाले होते. त्यात आम्ही शिरत नाही. आम्हांला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे: मिलवाल्यांची यादी होती. कोण, किती वर्षे, किती देणे, हे कागदावर होते. युनियन होती, कोर्टात दावा होता. उशीर झाला तो झाला, पण यादी होती म्हणून वारसाच्या हातात तरी काही पडले.

छापखान्यातल्या कंपोझिटरची यादीच कुणी केली नाही.

इथे साठीच्या पुढची जी मंडळी बसली आहेत, त्यांनी खिळे जुळवणारा माणूस पाहिला असेल. लग्नपत्रिका छापायला घेऊन गेलेल्या कुणालाही तो दिसायचाच. तरुण मुलांना मात्र सांगावे लागेल. खिळा म्हणजे शिशाचा टाइप. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा ओतीव तुकडा, डोक्यावर एक उलटे अक्षर. हे खिळे ज्या लाकडी, उथळ, घराघरांच्या पेटीत असतात तिला केस म्हणतात. इंग्रजीला दोन केसी पुरतात. आपल्या देवनागरीला चार लागत. समोर दोन आणि दोन्ही बाजूंना एकेक. पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, वेलांट्या, उकार, प्रत्येकाला वेगळे घर. कंपोझिटर मधोमध उभा. घरांवर कुठेही अक्षर लिहिलेले नसे. आईला अंधारात जसा मोहरीचा डबा सापडतो, तसा त्याचा हात ‘क्ष’ वर जायचा.

डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ भरायची लोखंडी पट्टी. उजवा हात केसीवर. डोळे समोरच्या हस्तलिखितावर. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा बरोबर उभा आहे हे न पाहता कळते. अक्षरे उलटी वाचायची, ओळ मात्र डावीकडून उजवीकडेच भरत जायची. ओळ स्टिकमध्ये ना सैल, ना तुंबलेली असायला हवी. सैल राहिली तर छापताना खिळा उठतो आणि पानावर काळा ठिपका उमटतो. म्हणून शब्दांमधल्या फटी कमीजास्त करून तो ओळ बसवायचा. कुठला शब्द तोडायचा, कुठला तोडायचा नाही, हे त्याला मालक सांगत नसे. मग गॅली, मग सुतळीने बांधणे, कच्चे प्रूफ, चिमट्याने दुरुस्ती, फर्मा आवळणे. आणि छपाई झाली की तेच खिळे धुऊन, पुन्हा एकेक वाचून आपापल्या घरी सोडायचे. चुकीच्या घरात एक खिळा पडला तर पुढच्या मजकुरात चूक ठरलेली. दिवसभर शिसे हाताळायचे, म्हणून संध्याकाळी गुळाचा खडा खायची चाल होती. त्याने शिसे उतरते असा समज. उतरत असेल नसेल, गूळ मात्र मालकाकडून मिळत असे.

लोकमान्य टिळकांचे नाव गणेशोत्सवात निघतेच. त्यांनी ‘केसरी’साठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करायचा ध्यास घेतला होता आणि ती १९० पर्यंत आणण्याची योजना केली होती, हे फार लोकांना ठाऊक नसते. म्हणजे छपाईच्या यांत्रिक सुधारणेची काळजी आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. सुधारणेला विरोध करायला आम्ही उभे नाही. शिशातून सुटका झाली हे फुप्फुसांच्या दृष्टीने चांगलेच झाले.

आम्ही पदविकेला होतो तेव्हाची गंमत सांगतो. अभ्यासक्रमात लेटरप्रेस होते. प्रात्यक्षिकात स्टिक भरून दाखवावी लागे, त्याला गुण होते. आणि संस्थेच्या फाटकाबाहेर पडले की समोरच्या दुकानात संगणकावर पत्रिका बनत होत्या. आमच्या वर्गाने एक असा हुन्नर शिकून परीक्षा दिली, ज्याला त्या वर्षी बाजारात गिऱ्हाईक नव्हते. सरकारी नोकरी मिळाली म्हणून आम्ही तरलो. नाहीतर आज ‘नोकरी गेलेला कामगार’ या विषयावर वक्ता म्हणून न येता उदाहरण म्हणून आलो असतो.

बदल झाला तो फार झपाट्याने. १९८५ नंतर जगात संगणक, लेझर प्रिंटर आणि पानमांडणीचे सॉफ्टवेअर असा त्रिकूट जमला. दशकभरात आपल्याकडे भारतीय लिपींची सॉफ्टवेअरे आली, डीटीपी नावाचा धंदा उभा राहिला. मजकूर टाइप करायचा, बटर पेपरवर प्रिंट काढायची, तिच्यावरून प्लेट बनवायची आणि मिनी ऑफसेटवर चढवायची. ज्या पानाला कंपोझिटरचा जवळजवळ अख्खा दिवस लागे, ते दीड तासात होऊ लागले. दुरुस्ती तर क्षणात. कुठल्याही मालकाला हिशेब करायला पाटी लागली नसेल.

मग खिळे विकले. भंगारवाला तराजू घेऊन आला. शिशाला भाव होता आणि तो किलोवर मिळाला. केसींचे लाकूड कुणी सरपणाला नेले, कुणी त्यांतल्या घरांत स्क्रू आणि रिळे ठेवली. आताशा मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या भिंतींवर त्या शोभेला लावलेल्या दिसतात. ज्या माणसाला त्या केसीतले प्रत्येक घर डोळे मिटून सापडत होते, त्याचा भाव काय ठरला?

कायद्याने ठरला होता. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ चा. त्याच्या कलम २५-एफ प्रमाणे, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला काढायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांची सरासरी मजुरी. समजा एखाद्याला महिना १,२०० रुपये मिळत होते आणि त्याने सव्वीस वर्षे काढली. ढोबळ हिशेबाने सहाशे गुणिले सव्वीस, म्हणजे १५,६०० रुपये. सव्वीस वर्षांचे. बरे, इतके तरी मिळाले का? त्यासाठी मस्टरवर नाव हवे, वर्षात २४० दिवस भरल्याचा पुरावा हवा. आमच्या धंद्यात पुष्कळ लोक पानावर किंवा गॅलीवर मजुरी घेत. त्यांचे मस्टर कुठून असणार?

आणि एक फट अशी की ती बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी लागू होत असे. भविष्य निर्वाह निधीला वीस लागतात. गल्लीतल्या छापखान्यात माणसे किती? मालक, त्याचा भाऊ, दोन कंपोझिटर, एक ट्रेडलवाला, एक बाइंडर, एक पोऱ्या. दोन्ही कायद्यांच्या दारातूनच ही माणसे परत फिरली. मालक सगळेच निर्दय होते असे आम्ही म्हणणार नाही. कित्येक मालक स्वतःच ट्रेडल विकून किराणा घालून बसले. एका कंपोझिटरला मालकाने निघताना आपली सायकल दिली, हे आम्ही त्या काकांच्याच तोंडून ऐकले आहे. ती त्यांनी शेवटपर्यंत वापरली. पण सायकल म्हणजे पेन्शन नव्हे.

मग ही माणसे गेली कुठे? आम्हांला जी माहीत आहेत त्यांतले एक सराफ्यात एका पेढीवर वह्या लिहायला बसले. एक रात्रपाळीचे चौकीदार झाले. एक काका देवळाबाहेर उदबत्ती विकत. एकांच्या घरी शिवणयंत्र होते, त्यावर घर चालले, म्हणजे काकूंनी चालवले. संगणक शिकलेला आमच्या माहितीत एकच, आणि तोही तेव्हा तिशीच्या आतला होता म्हणून. पन्नाशीच्या माणसाला कुणी की-बोर्डवर बसवलेच नाही. त्याच्याच मुलाच्या वयाचा पोरगा महिनाभराचा क्लास करून त्याच्या जागी आला.

आता आम्हांला जे खरे सांगायचे आहे ते इथे आहे. कंपोझिटरची दोन कामे होती. एक हाताचे, खिळे उचलायचे. ते यंत्राने घेतले आणि घेणारच होते. दुसरे डोक्याचे. तो मजकूर वाचत होता. शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम आले, शेकडो शब्दांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले, ते पाठ करून त्याने आपली बोटे बदलली. लेखकाने ऱ्हस्व लिहिले तरी तो दीर्घ जुळवायचा. पान कुठे भरते, कुठे श्वास हवा, हे त्याला कळत होते. हे दुसरे काम यंत्राला येत नव्हते. त्या काळात तर मुळीच नाही. पण दोन्ही कामे एकाच माणसात असल्यामुळे, एक संपले तसे दुसरेही संपले असे सगळ्यांनी धरून चालले. खिळ्यांबरोबर माणूसही मोडीत निघाला.

त्याचे परिणाम आपण, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांनी, सगळ्यांत जास्त भोगले. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका ग्रंथालयात आहेत, काढून पाहा. खिळ्यांवर छापलेल्या अंकांचा कागद पिवळा पडला आहे, पण मजकूर बघा. मग डीटीपीच्या पहिल्या काही वर्षांचे अंक काढा. शहर हिंदी, टाइप करणारा हिंदी, फाँट हिंदी. त्याला ‘ळ’ ची सवय नाही. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा अर्धा र त्याने जन्मात पाहिलेला नाही, तो त्याचा रफार करून टाकी. ‘बाळ’ चे ‘बाल’ झाले, ‘केळी’ ची ‘केली’. देणगीदारांच्या यादीत गोखले बचावले, पण काळ्यांचे काले आणि दळव्यांचे दलवी झाले. ज्यांनी पाचशे एक रुपये देऊन आपले आडनाव बदलून घेतले, त्यांच्या पत्रांची एक फाइल कार्यालयात आहे म्हणतात. हसू येते, पण त्याच वेळी आपल्याच बाजूच्या गल्लीत एक माणूस बेकार बसला होता, ज्याला यातली एकेक चूक दुरून दिसली असती.

असे व्हायलाच हवे होते का? न्यूयॉर्कचे उदाहरण देतो. तिथल्या छपाई कामगारांची युनियन फार जुनी आणि बळकट. १९६२-६३ साली त्यांनी ११४ दिवस संप केला, शहरातली मोठी वर्तमानपत्रे बंद राहिली. यंत्रे येणार हाच वादाचा एक मोठा मुद्दा होता. पुढे १९७४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘डेली न्यूज’ यांच्याशी त्यांचा करार झाला. मालकांनी हवी ती नवी यंत्रे आणावीत, कामगार आडवे येणार नाहीत. बदल्यात, आज जे नोकरीत आहेत त्यांची नोकरी निवृत्तीपर्यंत पक्की. १९७८ च्या जुलैमध्ये ‘टाइम्स’चा शिशावरचा शेवटचा अंक निघाला. जुळारी शिशावरून उठले आणि नव्या यंत्रांवर बसले. हा करार सोन्याचा होता असे नाही. युनियनमध्ये नवे लोक येणे थांबले आणि ती आपोआप आटत गेली. पण यंत्र येण्याआधी माणसाचे काय, हा प्रश्न कुणीतरी टेबलावर ठेवला आणि वाचणाऱ्या पैशातला वाटा आधी मागितला.

आपल्याकडे कायद्यात अशी खिडकी अगदीच नव्हती असे नाही. त्याच १९४७ च्या कायद्यात कलम ९-ए होते. कामगारकपात होईल अशी तंत्रसुधारणा करायची तर मालकाने एकवीस दिवस आधी नोटीस द्यायची. गल्लीतल्या छापखान्यात ही नोटीस कुणी लावल्याचे आम्ही ऐकलेले नाही. भंगारवाल्याचा टेम्पो हीच नोटीस.

आमचे, सरकारी लोकांचे, निराळे. आम्हांला कुणी काढत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये आपले १७ छापखाने ५ मध्ये विलीन करायचे ठरवले. त्या पाचांत नाशिकचा एक आहे. निर्णयातच लिहिले होते की कुणाचीही कपात होणार नाही. केंद्राचे राजपत्र तर २०१५ पासून कागदावर छापतच नाहीत, इंटरनेटवर टाकतात. मग नोकऱ्या जातात कशा? माणूस निवृत्त होतो आणि त्याची खुर्ची त्याच्याबरोबर निवृत्त होते. आमच्या खात्यात याला मृत संवर्ग म्हणतात. कुणाच्या घरी चूल बंद पडत नाही, मोर्चा निघत नाही, वर्तमानपत्रात येत नाही. फक्त ज्या मुलाला ती जागा मिळाली असती, त्याला ती कधी होती हेच कळत नाही. आम्ही त्याच सुरक्षित बाकावर बसून हे बोलतो आहोत, याची जाणीव आम्हांला आहे.

ज्या पोराने कंपोझिटरची जागा घेतली, तो आता पन्नाशीला आला. इथेही दोघे-तिघे डीटीपीवाले बसलेले दिसतात, त्यांना विचारा. लोक फोनवर बोलून मजकूर टाइप करतात. पत्रिका मुलीच फोनवर बनवतात आणि छापतच नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. प्लेट संगणकावरून थेट निघते, त्यामुळे फिल्म काढणारा आणि जोडणारा कधीच गेले. आता लिहून देणारे, भाषांतर करणारे, चूक काढणारे यंत्रही आले आहे. म्हणजे या वेळी डोक्याच्या कामालाही हात घातला आहे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत, कपात झालेल्या कामगाराला नवे काम शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम मिळण्याची तरतूद आहे. पंधरा दिवसांत पन्नाशीचा माणूस कोणता हुन्नर शिकतो, हे ज्यांनी आकडा ठरवला त्यांनी सांगावे. आणि ती रक्कमही त्यालाच, ज्याचे नाव कुठल्यातरी रजिस्टरात आहे. डीटीपीवाल्याचे कुठे आहे?

त्या मंडळींना आमचे एवढेच सांगणे, वयाने लहान असाल तरी: आपल्या कामातले हाताचे किती आणि डोक्याचे किती, हे आजच वेगळे करून बघा आणि डोक्याच्या कामाचे वेगळे पैसे लावायला शिका. प्रूफ वाचले तर बिलात ‘प्रूफवाचन’ अशी निराळी ओळ घाला. आपण फुकट करत राहतो, म्हणून गिऱ्हाइकाला ते काम आहे हेच माहीत नसते.

मंडळाकडे दोन गोष्टी मागून थांबतो. जुन्या कंपोझिटरांची यादी आम्ही करायला घेतली आहे. कुठल्या गल्लीतला छापखाना, किती वर्षे, पुढे काय केले, एवढेच. आतापर्यंत अकरा नावे झाली. त्यांतले चौघे हयात आहेत. आपल्या वाड्यातले, नात्यातले कुणी असेल तर आज कार्यक्रमानंतर आम्ही ग्रंथालयाच्या टेबलापाशी बसणार आहोत, तिथे सांगा. ते गेले असतील तर घरच्यांनी सांगा.

दुसरे, येत्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची प्रुफे त्या चौघांपैकी ज्यांना जमेल त्यांच्याकडून वाचून घ्यावीत, आणि पानाप्रमाणे मोबदला द्यावा, सत्कार-श्रीफळ नको, असे आम्ही कार्यकारिणीला लेखी सुचवले आहे. दोघांनी होकार दिला आहे. त्यांतल्या एकांची अट आहे की प्रूफ मोठ्या टाइपात हवे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक दिसत नाही. तेवढ्या प्रिंटा आम्ही काढून देऊ.